काकूंचा टकटक क्लास

काकूंचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर. मी कपडे शिवते. म्हणजे हल्ली शिवते कमी आणि उसवते जास्त. लोकांना नवीन काही शिवायचं नसतंच, पँट आखूड करून हवी, कोटाची चेन बदलून हवी, आणि तीही उद्याच्या उद्या. वरची जमीन लाकडी आहे, त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, कोण गेलं, कोणाची खुर्ची सरकली, सगळं मला मशीनवर बसल्या बसल्या कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पण म्हणून काय कान काढून ठेवायचे?

काकूंचे यजमान, म्हणजे आमचे सर, इंग्रजी शिकवायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी क्लास काढला. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं जिना चढायची. सरांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, नामाच्या आधी लागणाऱ्या त्या चिमुकल्या शब्दात. 'अ' लावायचा, 'अ‍ॅन' लावायचा, 'द' लावायचा की काहीच नाही. ते म्हणायचे, "मराठीत आपण 'मी कुत्रा पाहिला' म्हणतो आणि सुटतो. इंग्रजी तसं सुटू देत नाही. ती विचारते, कुठला तरी कुत्रा, की तुला आणि मला दोघांना ठाऊक असलेला?" बोलता बोलता कोणी तो शब्द गिळला की सर फुटपट्टी टेबलावर आपटायचे. टक. बोलणाऱ्याने थांबायचं, मागे जायचं, शब्द लावायचा आणि मग पुढे यायचं. कोणता लावायचा ते काही सांगायचे नाहीत. डोकं काय टोपी घालायला दिलंय का, एवढंच म्हणायचे.

काकूंना यातलं काही येत नव्हतं. खोटं कशाला सांगू, अक्षरं लावून वाचता यायचं, अर्थाच्या नावाने शून्य. त्यांनी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढली. मोठमोठी पातेली, वाफ, भांड्यांचा खणखणाट, त्यावर आवाज चढवून बोलायची सवय. अजूनही त्यांनी वरून हाक मारली की माझी सुई बोटात जाते. बाई मोठी खमकी. सर पुस्तकातला माणूस, आणि काकू पुस्तकाबाहेरचं सगळं सांभाळणार. संसार असा दोघांनी वाटून घेतला होता.

मग सरांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आतल्या खोलीत पलंग टाकला. सर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भेटायला माणसं यायची, पलंगाशी उभी राहायची आणि काकूंना विचारायची, "जेवतात का? झोप लागते का? ओळखतात का माणसं?" सर तिथेच, हातभर अंतरावर. मीही त्यातलीच एक होते, साखर आणि फळं घेऊन गेले आणि काकूंशीच बोलून आले. काकू सगळ्यांना चहा द्यायच्या, पण चेहऱ्यावरून मला दिसायचं की बाईच्या डोक्यात काहीतरी खदखदतंय.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात असते, चांगल्या हुद्द्यावर. बिचारी धावत आली, राबली, आणि निघताना म्हणाली, "आई, क्लास आवर आता. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. तिथे खोली आहे, माणूस ठेवू." तिचं काही चुकत नव्हतं. कोणतीही लेक हेच म्हणेल. काकूंनी थोडी सवड मागून घेतली, आणि ती गेल्यावर जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "एकदा यांना तिथल्या पलंगावर नेऊन ठेवलं ना, की हे कायमचे पेशंट. इथे निदान लोक त्यांना सर म्हणतात. ते मी जाऊ देणार नाही."

क्लासची माणसं एव्हाना पांगली होती. उरली एकटी सिस्टर. ही मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. वॉर्डची प्रमुख व्हायचं तर तोंडी परीक्षा इंग्रजीतून, आणि ही बाई रात्रंदिवस पेशंट सांभाळेल, पण चार साहेबांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की हिच्या तोंडचं पाणी पळतं. ती काकूंना सांगायला आली होती की मी आता दुसरा क्लास बघते. काकू म्हणाल्या, "बघू नकोस. इथेच ये. मी पुस्तकातून वाचीन, तू बोल."

"तुम्ही, काकू?"

"मी. का? अक्षरं येतात मला. अर्थ तू लाव."

आणि मग हाक आली खाली. "टेलरताई, उद्यापासून संध्याकाळी वर यायचं. दोघीच बसलो तर क्लास वाटत नाही." मी म्हटलं, काकू, मला 'अ' आणि 'द' घेऊन काय करायचंय, माझ्या गिऱ्हाइकाची पँट मराठीतच आखूड होते. त्या म्हणाल्या, "जास्त शहाणपणा नको. ये." मी गेले. त्यांना नाही म्हणून पाहणारा अजून जन्माला यायचाय.

पहिल्या संध्याकाळी काकूंनी आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं. सरांची पाठ दिसत होती. सिस्टर घसा खाकरून सुरू झाली, वॉर्डमधल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. "ओल्ड मॅन केम टू अवर वॉर्ड. ही हॅड रेड बॅग."

आतून आवाज आला. टक.

पलंगाशेजारी स्टुलावर पाण्याचं स्टीलचं भांडं असायचं. ते सरांनी डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं होतं. पाणी सगळं चादरीवर. तोंड अजून भिंतीकडेच.

काकूंच्या जागी मी असते तर धावत आत गेले असते, रडून गोंधळ घातला असता. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पुस्तकात बोट घालून पान धरून ठेवलं. आवाज वसतिगृहातलाच. "थांबलीस का अशी? सर म्हणतायत मागे जा."

सिस्टर मागे गेली. "अ‍ॅन ओल्ड मॅन केम टू अवर वॉर्ड. ही हॅड... अ रेड बॅग." आत शांतता. "बॅग वॉज एम्प्टी." टक. "द बॅग वॉज एम्प्टी." शांतता. ती गोष्ट पुरी व्हायला अर्धा क्लास लागला असेल, आणि तोवर चादर बदलायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात सरांचे शर्ट घेऊन आल्या. बटणं एका हाताने लागत नाहीत, आणि दुसऱ्याकडून लावून घ्यायची सरांना लाज वाटायची. मी बटणं तशीच ठेवली, वरून दिसायला, आणि खाली चिकटपट्टी शिवली. नुसती दाबली की बसते. काज भरून टाकताना माझे डोळे भरून येत होते, काय सांगू. काकूंनी सरांची दाढी केली, शर्ट घातला, समोर राहणाऱ्या पोस्टमनला हाताशी घेऊन त्यांना पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि टेबलावर डाव्या हाताशी फुटपट्टी ठेवली.

मग त्या दोघांनी मिळून एक भाषाच बनवली. नुसतं 'चुकलं' कळून काकूंचं भागत नव्हतं, कारण बरोबर काय ते त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. म्हणून एक टक म्हणजे 'अ', दोनदा टकटक म्हणजे 'द', आणि फुटपट्टी आडवी धरून टेबलावर घासली की समजायचं, इथे काही लावू नका. 'अ‍ॅन' असेल तर आधी नखाने टिचकी आणि मग टक. हे ठरवायला किती दिवस गेले असतील ते त्यांनाच ठाऊक. काकू एकेक शक्यता विचारायच्या, आणि सर डोळे मिटून नकार द्यायचे, की त्या पुढची विचारायच्या.

आणि काकू शिकल्या. वर मला शिकवायलाही लागल्या, स्वयंपाकघरातली उदाहरणं देऊन. "हे बघ, वसतिगृहात नवीन मुलगी यायची. तेव्हा मी म्हणायचे, 'एक मुलगी आलीय.' हा 'अ'. तीच दुसऱ्यांदा ताट घेऊन आली की 'ती मुलगी पुन्हा आली बघा'. हा 'द'. पहिल्यांदा दारात 'अ', ओळख झाली की 'द'. सूर्य एकच, तो सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याला पहिल्यापासून 'द'. आणि भात, पाणी, राग, हे एक-दोन-तीन करून मोजता येतात का? नाही ना? मग उगाच बोलताना त्यांना काही लावायचं नाही. पण मी रांधलेला भात म्हटलंस, तर तो कुठला ते ठरलं, लाव 'द'." मी विचारलं, 'अ‍ॅन अवर' आणि 'अ युनिफॉर्म' हे उलटं कसं? त्या म्हणाल्या, "अक्षर बघू नकोस. तोंडातून काय येतं ते ऐक." सर टेबलावर फुटपट्टी वाजवून मान हलवायचे, बायकोवर खूष. मला तर वाटतं, एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांनी एकत्र केलेलं हे पहिलंच काम असावं.

क्लासचा एक नियम मात्र काकूंचा स्वतःचा होता. सरांना काही विचारलं की थांबायचं. त्यांचं उत्तर यायला वेळ लागतो. मध्ये बोलायचं नाही, अंदाज करायचा नाही, 'असं म्हणायचंय का, तसं म्हणायचंय का' करत त्यांच्या तोंडात शब्द कोंबायचे नाहीत. मी फटकळ, मला दम निघत नाही. एकदा मी सरांच्या वतीने झटकन उत्तर देऊन टाकलं, तर काकूंनी टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की निळं पडलं. "त्यांना विचारलं होतं," म्हणाल्या. "तुला नाही."

सिस्टरचं इंग्रजी धावायला लागलं. क्लासमध्ये एक-दोन माणसंही परत आली. लेकीचा फोन यायचा, ती म्हणायची, आई, किती दिवस असं. शेवटी काकूंनी, मला खाली स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात, तिला सांगून टाकलं, "सिस्टरची परीक्षा होऊ दे. पास झाली तर समज की तुझ्या बाबांचा क्लास चालतो, आणि आम्ही इथेच राहतो. नापास झाली तर तिकिटं काढ, मी तोंडातून शब्द काढणार नाही." मी मशीन थांबवून कपाळाला हात लावला. दोन माणसांचं सगळं आयुष्य हिने त्या घाबरट सिस्टरच्या जिभेवर ठेवलं.

आणि सिस्टर नापास झाली.

आली ती थेट माझ्या दुकानात, कोटांच्या ढिगावर बसून रडायलाच लागली. झालं होतं असं की साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, हिने तोंड उघडलं, पहिलं नाम आलं, आणि ही फुटपट्टीची वाट बघत थांबली. फुटपट्टी कुठून वाजणार? घाम फुटला. मग आपोआप हिचं बोट टेबलावर पडलं. टक. लगेच शब्द सुटला. पुढचं नाम, टकटक, शब्द सुटला. मग काय, बाईंची गाडी भरधाव, प्रत्येक नामाआधी टेबल बडवत. साहेब आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग एकाने वाकून टेबलाखाली पाहिलं, दुसरा उठून दाराबाहेर कोण आहे ते बघून आला. त्यांना वाटलं, ही कोणाला तरी खुणा करतेय. हिने खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, तेही टेबल वाजवत. पुढच्या फेरीला या म्हणाले.

मला आधी हसू फुटलं, देवा शपथ. मग वरच्या घराची आठवण झाली आणि हसू जागच्या जागी विरलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला स्वतःच फोन लावला, लपवाछपवी नाही. लेक म्हणाली, पुढची फेरी होईपर्यंत थांबते, पण त्या दिवशी मी तिथे येणार, सामान बांधायला. तेवढी मुदत मिळाली.

पण खरी अडचण पुढेच होती. सिस्टरला पास व्हायचं तर टकटक बंद व्हायला हवी होती. आणि टकटक बंद केली तर सरांकडे काय उरत होतं? काकू दुकानात येऊन बसल्या. कापडाच्या तुकड्यांच्या उगाच घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्याकडे तेवढंच बोलणं राहिलंय गं. तेही मीच काढून घेऊ?" मी चहा ठेवला. तो त्यांनी तसाच गार होऊ दिला.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं. गोड बोलून नाही, आडून नाही. ही का नापास झाली, ते सांगितलं. तुमच्या आवाजाशिवाय हिला आता बोलता येत नाही, हे सांगितलं. ही पुन्हा नापास झाली तर आपल्याला इथून जावं लागेल, हेही सांगितलं. आणि शेवटी विचारलं, "अहो, काय करायचं?" मग थांबल्या.

आम्ही सगळेच थांबलो. सर फुटपट्टीकडे बघत राहिले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग सरांनी डाव्या हाताने फुटपट्टी हळूहळू टेबलावरून ढकलत ढकलत पलीकडे सिस्टरच्या पुढ्यात नेली, हात मागे घेतला आणि तिच्याकडे बघून हनुवटी उचलली. बोल.

त्यानंतरचा क्लास बघवत नव्हता. सिस्टर चुकली की सरांची बोटं उडायची, आणि सर तो हात आपल्याच लुळ्या दंडाखाली दाबून धरायचे. कपाळावर घाम यायचा. सिस्टर त्यांच्याकडे बघायची, ते खिडकीकडे बघायचे. ती अडखळायची, स्वतःच मागे जायची, शब्द शोधायची, चुकीचा लावायची, पुन्हा मागे जायची. काकू दाराशी उभ्या राहून नवऱ्याचा तो दाबलेला हात बघत असायच्या. मी खूप खंबीर माणसं पाहिली आहेत, गिऱ्हाइकांत सगळ्या तऱ्हेची येतात. पण त्या दोघांसारखी मी पाहिली नाहीत, आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

परीक्षेच्या दिवशी लेक दुपारीच आली, रिकाम्या बॅगा घेऊन. संध्याकाळी सिस्टर जिना चढली ते मला पावलांवरूनच कळलं, आणि मी सुई तशीच कापडात खुपसून वर पळाले. पास झाली होती. हात मांडीवर ठेवून बोलली, आणि पास झाली. सरांसमोर उभी राहून तिने सगळी हकिगत इंग्रजीतून सांगितली, न थांबता, आणि सर ऐकत राहिले. एका ठिकाणी चुकली असावी, कारण सरांची भुवई उडाली. पण हात हलला नाही.

लेकीने टाळ्या वाजवल्या, मनापासून. मग काकूंना बाजूला घेऊन म्हणाली, "आई, छान झालं, मी मानलं. पण तू स्वतःकडे बघ. तुझे हात बघ कसे झालेत. मी तुझ्यासाठी म्हणतेय. बाबांचं काय, त्यांना इथे काय आणि तिथे काय."

बाजूला म्हणजे किती, तर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. सर ऐकत होते. मला वाटलं, आता काकू पेटणार. त्या पेटल्या नाहीत. लेकीचा हात धरून तिला त्यांनी सरांच्या खुर्चीपुढे आणलं. "मी थकलेय, ते खरंय," त्या म्हणाल्या. "तू चल म्हणालीस तर मी येईनही. पण यांचं मला विचारू नकोस. ते इथे बसलेत. त्यांना विचार. आणि मग थांब."

लेक गोंधळली. खाली बसली, खुर्चीपाशी. "बाबा, माझ्याकडे येता का राहायला?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. काही आलं नाही. लेक घाईने म्हणाली, "आवडेल ना तुम्हाला? की इथेच..." काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ती गप्प झाली. मी आणि सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होतो. माझ्या जिभेवर नुसतं शिवशिवत होतं, पण मी दात आवळून धरले. लेक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. झटका आल्यापासून त्या चेहऱ्याकडे तिने इतका वेळ पाहिलंच नसावं.

मग सरांनी मान हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि डावा हात उचलून शेजारची रिकामी खुर्ची तिला दाखवली. बस.

लेकीने डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. "मला वाटलं तुम्हाला आता काही कळतच नाही, बाबा," ती म्हणाली. "म्हणून मी कधी विचारलंच नाही." सरांचा हात तिच्या केसांवर आला. काकू उभ्या उभ्या रडत होत्या, तोंड न झाकता, लहान मुलीसारख्या, आणि त्यांना थांबवायला कोणी गेलं नाही. सर नाही म्हणाले होते, आणि ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.